क्लासिक द्यायचंय, पण कुठलं आणि कधी?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, मुलांच्या हातात जुनी, नावाजलेली पुस्तकं कशी आणि कधी द्यायची. म्हणून अख्खी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. वाचनाचं प्रचंड वेड, दोन दिवसांत एक पुस्तक फडशा पाडतो. म्हटलं आता याला काहीतरी भारी वाचायला द्यावं, म्हणून वाढदिवसाला जगप्रसिद्ध कादंबऱ्यांचा संच दिला. त्याने मोठ्या उत्साहात रॉबिन्सन क्रूसो घेतलं आणि तीसेक पानांवर ठेवून दिलं. आता सगळा संच कपाटात पडलाय आणि 'क्लासिक म्हणजे बोअर' असं त्याने ठरवूनच टाकलंय. माझं काय चुकलं?

उत्तर: तुमचं काही चुकलं नाही हो, आणि मुलाचं तर अजिबातच नाही. पुस्तक चुकलं, आणि तेही फक्त आत्तापुरतं.

रॉबिन्सन क्रूसो १७१९ सालचं आहे आणि ते मुलांसाठी लिहिलेलंच नाही. मूळ पुस्तकात प्रकरणं पाडलेली नाहीत, एकसलग मजकूर, म्हणजे 'हे एवढं प्रकरण संपवतो आणि जेवायला येतो' म्हणायची सोयच नाही. त्यात आपण मुलाला सांगताना काय सांगतो? बेटावर एकट्या राहिलेल्या माणसाची गोष्ट. मग तो बिचारा पहिल्या पानापासून बेट शोधत बसतो. आणि पुस्तकात आधी वडिलांचा उपदेश, मग एक सफर, मग दुसरी, मग चाचे पकडतात, मग सुटका, मग ब्राझीलमधला मळा, आणि हे सगळं झाल्यावर कुठे जहाज फुटतं. तुमच्या मुलाने तीस पानं वाट बघितली, मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

आपण मोठी माणसं इथे एक गल्लत करतो. मूल भराभर वाचतं म्हणजे त्याला कुठलंही पुस्तक झेपेल असं धरून चालतो. पण वाचता येणं वेगळं आणि पचणं वेगळं. आणि त्याचा जो स्पीड आहे ना, तो आजच्या पुस्तकांवरचा आहे, जिथे दर पानाला काहीतरी घडतं आणि वाक्यं छोटी असतात. जुना लेखक वादळाचं, जंगलाचं वर्णन पानभर करायचा कारण त्याच्या वाचकाने समुद्र कधी बघितलेलाच नसायचा, फोटो नाहीत, सिनेमा नाही, सगळं शब्दांतूनच दाखवायचं. आजच्या मुलाने ते सगळं स्क्रीनवर शंभरदा बघितलंय, त्यामुळे त्याला ते वर्णन अडथळ्यासारखं वाटतं. त्या संथपणाची गोडी लागते, नक्की लागते, पण सुरुवात तिथून करू नये.

मग कुठून करावी? माझा एक साधा आडाखा आहे आणि तो बहुतेक वेळा लागू पडतो. जी जुनी पुस्तकं आधी मासिकात किंवा पेपरात क्रमशः छापून आली ती आधी द्यावीत. कारण सरळ आहे, पुढचा अंक वाचकाने घ्यावा म्हणून लेखकाला प्रत्येक हप्त्याच्या शेवटी उत्सुकता ताणून ठेवावीच लागायची, आणि त्याचा फायदा आजच्या मुलालाही होतो. स्टीव्हन्सनचं ट्रेझर आयलंड १८८१-८२ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात येत होतं, पुस्तक १८८३ मध्ये आलं. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा १८७२ साली वर्तमानपत्रात क्रमशः आली. शेरलॉक होम्सच्या छोट्या गोष्टी १८९१ पासून मासिकात यायला लागल्या.

ट्रेझर आयलंड मी माझ्या भाच्याला वाचून दाखवलं होतं, तोही तेव्हा अकराचाच. रोज रात्री एक प्रकरण, बास. सुरुवातीला एका खाणावळीत एक म्हातारा खलाशी येऊन राहतो, त्याच्याकडे एक पेटी, आणि तो खाणावळीतल्या पोराला महिन्याला एक चांदीचं नाणं देतो, कशासाठी तर एक पायाचा खलाशी कुठे दिसतोय का यावर नजर ठेवायला. का ते सांगत नाही. मग एके दिवशी एक आंधळा येतो, आणि नंतर रात्री गोठलेल्या रस्त्यावर त्याच्या काठीची टकटक ऐकू येते. मी टेबलावर बोटाने टकटक केली तर भाचा पांघरुणातून उठला, दाराची कडी लावलीय का बघून आला आणि म्हणाला, 'आता वाच.' पाचव्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला तर त्याने पुढची दोन प्रकरणं स्वतःच वाचून टाकली होती.

म्हणून माझं म्हणणं, पहिली दोन-तीन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा. अकरा वर्षांचा मुलगा मोठा झाला, आता कशाला वाचून दाखवायचं, असं बिलकुल मानू नका. जुन्या पुस्तकांत उंबरठाच जरा उंच असतो, एकदा आत गेलं की मुलं आपापली फिरतात. मोठ्याने वाचताना तुम्हाला पण कळतं पुस्तक कुठे रेंगाळतंय, तिथे सरळ एखादा परिच्छेद गाळा, कोणी विचारणार नाही.

होम्स द्यायचा असेल तर मात्र कादंबऱ्या आधी देऊ नका. एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ गोष्टी आहेत. साइन ऑफ फोर ही कादंबरी उघडतेच होम्स कोकेनचं इंजेक्शन घेतो तिथून, ते अकराव्या वर्षी समजावत बसायची गरज नाही. १८९२ साली पहिल्या १२ गोष्टींचा संग्रह आला तो घ्या, आणि त्यातली लाल केसवाल्यांच्या मंडळाची गोष्ट पहिली द्या. एका दुकानदाराला फक्त केस लाल आहेत म्हणून नोकरी मिळते आणि काम काय तर ज्ञानकोश बघून बघून उतरवून काढायचा. का? हे 'का' मुलाला शेवटपर्यंत सोडत नाही, आणि खूनबिन नाही.

आणि अजून एक, मराठीतून पूल बांधा ना. त्याने फास्टर फेणे वाचला असेलच. ज्या भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिला त्यांनीच ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या. म्हणजे मुलाच्या ओळखीचाच हात धरून त्याला दुसऱ्या जगात नेता येतं. भाषेची ती लय त्याच्या कानात बसलेली आहे, परकेपणा आपोआप कमी होतो.

तो संच कपाटातून बाहेर काढून दिसेल असा ठेवा फक्त. 'वाचलंस का' हे विचारू नका, महिनाभर तरी नकोच.

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची, खूप हळवी आहे. गोष्टीत कोणी मेलं की रडून रडून हैराण होते. जुन्या पुस्तकांत तर पानोपानी कोणी ना कोणी मरतं! अशी पुस्तकं टाळावीत का? आमच्याकडे सगळे म्हणतात श्यामची आई द्या, पण माझं धाडस होत नाही.

उत्तर: रडण्याला घाबरू नका. गोष्टीत रडलं, डोळे पुसले आणि परत पान उलटलं तर ते रडणं चांगलंच आहे. माझी काळजी वेगळ्या ठिकाणी सुरू होते, रात्री झोप लागत नाहीये, दिवा बंद करू देत नाहीये, तेच चित्र परत परत डोळ्यासमोर येतंय, तेव्हा. दुःख आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याचदा आपण दुःखाची पुस्तकं काढून घेतो आणि भीतीची तशीच हातात ठेवतो, कारण ती 'परीकथा' म्हणून कपाटात असतात.

ग्रिम बंधूंच्या गोष्टीच बघा. १८१२ सालची पहिली आवृत्ती मुलांसाठी सोपी केलेली नव्हती. त्यात स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे, पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई केली. सिंड्रेलाच्या बहिणी बुटात पाय बसावा म्हणून पायाचा तुकडा कापतात. पिनोकिओमध्ये शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा तो बोलका किडा आहे ना, त्याला मूळ पुस्तकात पिनोकिओ हातोडा फेकून मारतो, अगदी सुरुवातीलाच. आणि १८८१ साली ती गोष्ट क्रमशः येत होती तेव्हा लेखकाने पिनोकिओला झाडाला फाशी देऊन गोष्ट संपवलीच होती, मग नंतर पुढे चालू केली. हळव्या मुलीला ही पुस्तकं देऊ नका असं नाही, पण कुठली आवृत्ती आहे ते उघडून बघा, नुसतं कव्हरवर रंगीत चित्र आहे म्हणून विश्वास ठेवू नका.

दुःखाच्या पुस्तकात मी एकच बघते, त्या दुःखात गोष्टीतलं मूल एकटं आहे की त्याच्या जवळ कोणी आहे. शार्लट्स वेब मध्ये शेवटी कोळीण मरते, पण तिची पिल्लं जन्मतात आणि डुकराच्या पिल्लाच्या सोबतीला त्यातली काही राहतात. मूल रडतं पण रिकामं होत नाही. सीक्रेट गार्डन (१९११) सुरूच होतं कॉलऱ्याच्या साथीने, पहिल्या प्रकरणात मुलीचे आईवडील दोघं जातात, ऐकायला भयंकर वाटतं, पण पुढचं सगळं पुस्तक म्हणजे एका बंद पडलेल्या बागेला आणि दोन चिडक्या, एकाकी मुलांना पालवी फुटण्याची गोष्ट आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हे मी डोळे झाकून देईन.

लिटल विमेनची एक गंमत तुम्हाला उपयोगी पडेल. ते मुळात दोन भागांत आलं, १८६८ आणि १८६९ मध्ये. पहिल्या भागात गोष्टीतल्या बहिणींपैकी एक, बेथ, खूप आजारी पडते पण बरी होते. ती जाते ती दुसऱ्या भागात. तेव्हा आत्ता फक्त पहिला भाग वाचा, तो स्वतःपुरता पूर्ण आहे, त्याचा शेवट वडील घरी आल्यावर होतो. दुसरा भाग बारा-तेराव्या वर्षी. यात काही फसवणूक नाही, त्या काळच्या वाचकांनी पण तसंच थांबून थांबून वाचलं.

आता श्यामची आई. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो अशी रचना आहे, आणि माझ्या मते ते वाचायचंही तसंच, एका रात्री एकच आठवण, आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसून. सलग वाचलं तर जीव गुदमरतो, तेही मोठ्या माणसाचासुद्धा. पोहायला शिकायला जात नाही म्हणून आई श्यामला मारते ती गोष्ट, पायाला माती लागू नये म्हणून आई पदर पसरते ती गोष्ट, यापासून सुरुवात करा. शेवटच्या रात्री आत्ता नाही वाचल्या तरी चालतं. आणि घरात नुकतंच कोणी गेलं असेल, आई आजारी असेल, तर हे पुस्तक खुशाल दोन वर्षं थांबू द्या. सगळे म्हणतात म्हणून नका देऊ, तुमची मुलगी तुम्हाला माहितीय, सगळ्यांना नाही.

प्रश्न: संक्षिप्त आवृत्ती दिली तर चालते का? की मूळ पुस्तकाची मजा जाते?

उत्तर: चालते, फक्त चांगली हवी. चार्ल्स लँब आणि त्याची बहीण मेरी यांनी १८०७ साली शेक्सपिअरची नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात लिहिली, आणि ती गोष्टींची पुस्तकं दोनशे वर्षं झाली तरी लोक वाचतायत. तेव्हा संक्षिप्त म्हणजे कमअस्सल असं काही नाही. गलिव्हरच्या सफरीचं (१७२६) उदाहरण घ्या, चार भाग आहेत, मुलांच्या पुस्तकात साधारण पहिले दोनच येतात, बुटक्यांचा आणि राक्षसांचा देश. शेवटच्या भागात लेखकाचा माणूसजातीबद्दलचा तिटकारा इतका कडवट आहे की ते मुलांना देऊ नये असंच मला वाटतं.

बघायचं काय, तर रूपांतर कोणी केलंय त्याचं नाव पुस्तकावर आहे का. नाव नसेल तर मी ठेवून देते. मग मधलंच कुठलंही पान उघडा आणि माणसं एकमेकांशी बोलतायत का ते बघा. नुसतं 'मग तो तिथे गेला, मग त्याने असं केलं' असंच चाललं असेल तर ते पुस्तक नाही, ती परीक्षेसाठी काढलेली नोट आहे. एकदा मी घाईत एक जाड पुट्ठ्याची आवृत्ती घेतली होती, घरी येऊन बघते तर त्यात शेवटच गोड करून टाकलेला, मूळ शेवटाचा पत्ता नाही. असं झालं की मूल पुढे मोठं होऊन मूळ वाचतं तेव्हा त्याला वाटतं आपल्याला खोटं सांगितलं होतं. गाळलेलं चालेल, बदललेलं नको.

प्रश्न: मी आजोबा आहे. नातवाला माझ्या लहानपणची पुस्तकं वाचून दाखवायला घेतली आणि लक्षात आलं की त्यात काळ्या लोकांबद्दल, बायकांबद्दल, आपल्या देशाबद्दलसुद्धा फार वाईट लिहिलंय. लहानपणी मला हे जाणवलंच नव्हतं. आता अशी पुस्तकं देऊच नयेत का?

उत्तर: आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला हे आज जाणवलं आणि तुम्ही थांबलात, याबद्दल आधी मनापासून नमस्कार.

मी एक फरक करते. पुस्तक एखादी वाईट गोष्ट दाखवतंय की पुस्तकालाच ती बरोबर वाटतेय? हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये बायकांचे जे हाल आहेत ते वाचवत नाहीत, पण ते नायिका यमूच्या तोंडून येतं, लेखक पूर्णपणे तिच्या बाजूला उभा आहे. असं पुस्तक वय झालं की बिनधास्त द्यावं. उलट रॉबिन्सन क्रूसो ज्या सफरीत बेटावर अडकतो ती सफरच मुळी आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेली असते, आणि बेटावर एक स्थानिक माणूस भेटल्यावर क्रूसो त्याला त्याचं नाव विचारत नाही, स्वतःच 'फ्रायडे' असं एक ठेवून देतो आणि मला मालक म्हण असं शिकवतो. लेखकाला यात काही खटकत नाही. लहानपणी आपल्यालाही खटकलं नाही, कारण आपण क्रूसोच्या जागी बसून वाचत होतो.

अशा ठिकाणी पुस्तक बंद करण्यापेक्षा नातवाला विचारा ना, 'फ्रायडेचं खरं नाव काय असेल रे?' बास, एवढंच. पुढचं तो बोलेल. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा मध्ये तर मुंबई आहे, अर्धवट राहिलेली रेल्वे आहे, हत्ती विकत घेणं आहे, आणि सती जायला नेत असलेल्या तरुणीची सुटका आहे. ते वाचताना नातवाला सांगा की हे एका फ्रेंच माणसाने लांबून लिहिलंय, यातलं काय खरं वाटतं आणि काय बढाचढाके, आपण शोधू. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना असं पकडायला भारी आवडतं.

पण नातू अजून सात-आठ वर्षांचा असेल तर सरळ दुसरं पुस्तक घ्या. त्या वयात मूल प्रश्न विचारत नाही, गोष्ट जशीच्या तशी आत जाते. आणि हकलबरी फिन, जे गुलामगिरीच्या विरोधातलं असूनही त्यात शब्द मात्र त्या काळचे आहेत, ते मी चौदाच्या आधी देणार नाही, कारण त्यातला उपरोध कळला नाही तर अर्थ उलटाच होतो.

प्रश्न: ताई, मी चौदा वर्षांची आहे. मला वाचायला आवडतं पण घरचे म्हणतात तू सगळं टाइमपास वाचतेस, जरा अभिजात वाच. मी दोन जुन्या मराठी कादंबऱ्या घेतल्या, भाषाच कळत नाही, झोप येते. मी खरी वाचक नाहीये का?

उत्तर: अगं, आहेस! एक सोडून दोन पुस्तकं घेतलीस ना हातात. आणि तू जे वाचतेस ते टाइमपास असू दे, ते सोडू नकोस, त्याच्या जोडीला हे वाच.

तुला मी सगळ्यात आधी लक्ष्मीबाई टिळकांचं स्मृतिचित्रे देईन. १९३४ पासून त्याचे भाग आले, म्हणजे जुनं तर आहेच, पण वाचताना वाटतं कोणीतरी आजी समोर मांडी घालून बोलतेय. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यामुळे भाषेत कुठेही जडपणा नाही. लग्न झालं तेव्हा त्या तुझ्यापेक्षाही लहान होत्या, नवरा कवी, न सांगता घरातून निघून जाणारा, पुढे त्याने धर्म बदलला आणि त्या एकट्या पडल्या. इतकं सगळं सोसलेलं, आणि तरी तू पानोपानी हसशील. मला ते पहिल्यांदा मिळालं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत वाचत होते.

नंतर व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी. १९५५ ची, पातळ आहे, वाक्यं छोटी छोटी. एक अगदी तरुण मास्तर मेंढपाळांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, पोरं शाळेत येत नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे जातात. मोठं असं काही घडत नाही असं वाटत राहतं आणि दुष्काळ येऊन वाडी रिकामी व्हायला लागते तेव्हा कळतं की आपण पण तिथलेच झालो होतो.

आणि तुला भीतीदायक आवडत असेल तर फ्रँकेन्स्टाइन. मेरी शेलीने ते लिहायला घेतलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि १८१८ मध्ये ते छापून आलं. सिनेमातला तो हिरवा राक्षस विसर. यात त्या प्राण्याला बोलता येतं, वाचता येतं, आणि मधली काही प्रकरणं तर तो स्वतःच आपली गोष्ट सांगतो, कोणीच त्याला जवळ का करत नाही हे विचारतो. सुरुवातीची पत्रं जरा कंटाळवाणी आहेत, ती भरभर वाच, पुढे पकडतं.

अ‍ॅन फ्रँकची डायरी घेशील तेव्हा एक लक्षात ठेव, तिला ती वही तिच्या तेराव्या वाढदिवसाला मिळाली, १९४२ साली. म्हणजे ती तुझ्याच वयाची आहे, आईवर चिडणारी, स्वतःवर चिडणारी. घरातलं कोणीतरी ते पुस्तक वाचलेलं असेल असं बघ, कारण डायरी मध्येच थांबते आणि पुढचं मागच्या पानांवर दोन-चार ओळींत असतं, ते वाचल्यावर कोणाशी तरी बोलावंसं वाटतं.

ज्या दोन कादंबऱ्यांनी झोप आली त्या परत ठेवून दे. ठेवताना कुठल्या पानावर थांबलीस तिथे तारीख घातलेली चिठ्ठी ठेव. सोळाव्या वर्षी तेच पान उघड, आणि तेव्हाही झोप आली तर मला परत लिही, आपण दुसरं काहीतरी शोधू.